डावीकडचं स्टूल

बाबली तांडेल वॉर्डात सगळ्यांशी बोलत असे. झाडू मारायला येणाऱ्या सारिकाशी, समोरच्या खाटेवरच्या दमेकरी म्हाताऱ्याशी, एवढंच काय, मध्येच अडून बसणाऱ्या सलाईनच्या बाटलीशीही. बोलत नसे तो फक्त आपल्या बायकोशी.

नर्स नाझमीनच्या हे ध्यानात यायला जरा वेळच लागला. बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर परतली होती. अंग तालुक्याच्या दवाखान्यात नि जीव बाजारापलीकडच्या घरात, सासूच्या मांडीवरच्या तान्ह्या शाझियापाशी, अशी तिची गत. वॉर्डात कुणाचंही पोर रडलं की हिच्या छातीत दूध दाटायचं. मग कुणाला दिसू नये म्हणून ती हातातला ट्रे उगाचच छातीशी धरून चालायची.

बाबलीच्या अंगावरून वारं गेलं होतं. मेंदूच्या उजव्या भागाला रक्त पोचलं नाही, म्हणून डावा हात आणि डावा पाय लुळा पडलेला, जीभ जड झालेली. पहिले अवघड दिवस मोठ्या इस्पितळात काढून पुढच्या शुश्रूषेसाठी त्याला इथं, घराजवळ पाठवलं होतं. मिठबावच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांचा तो म्होरक्या. होडीनं जाळं समुद्रात अर्धगोल सोडून यायचं, मग त्याची दोन टोकं दोन टोळ्यांनी किनाऱ्यावरून ओढायची. मधोमध उभं राहून दोन्ही टोकांवर नजर ठेवायची, एकही ढिलं पडू द्यायचं नाही, हे तांडेलाचं काम. सगळं आयुष्य बाबलीनं तेच केलं होतं.

त्याची खाट कोपऱ्यात होती. उजव्या हाताला सगळा वॉर्ड, दार, येणारी-जाणारी माणसं. डाव्या हाताला खिडकी आणि भिंत. खाट नि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एक लोखंडी स्टूल, आणि त्या स्टुलावर त्याची बायको मथुरा. बारीक अंगाची, केसांत अबोलीचा सुकलेला वळेसर, मांडीवर जेवणाच्या डब्याची पिशवी. मुंबईहून धावत आलेला मुलगा धनेश उजवीकडे उभा असायचा. नर्सा, डॉक्टर, भेटायला येणारे गाववाले, सगळे उजवीकडूनच यायचे. पेशंटला तपासायचं ते त्याच्या उजव्या हाताला उभं राहून, असं नाझमीनला नर्सिंगच्या पहिल्याच वर्षात शिकवलं होतं.

"तांडेलकाकानू, हसान दाखवा बघू," त्या दिवशी सकाळी ती म्हणाली.

"हसाक काय झाला? पयली तू हस." बाबलीची जीभ अडखळत होती, पण बोलणं थांबत नव्हतं. "समदाचा चेडू मा गो तू? जन्मभर तुज्या बापाशीच्या दुकानातसून सुतळी घेतलंय. येक दिवस हसान दिल्यान नाय तेना."

नाझमीनला हसू फुटलं. तोही हसला. तोंडाचा उजवा कोपरा वर गेला, डावा होता तिथंच राहिला.

"आता दोनय हात वर करा."

उजवा हात वर गेला. डावा चादरीवर पडून होता.

"आणि दुसरो?"

"दोनय केलंय मा वर!"

हा मस्करी करतोय असं वाटून नाझमीननं त्याचा डावा हात उचलून त्याच्या पोटावर, नजरेसमोर आणून ठेवला. "मगे ह्यो कोणाचो?"

बाबलीनं त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. एखाद्यानं आपल्या होडीत परकी टोपली आणून ठेवावी तसं.

"धन्याचो आसतलो. रे धन्या, काढ मरे तुजो हात हयसून. जड होता माका."

धनेशनं आपले दोन्ही हात वर करून दाखवले आणि अख्खा वॉर्ड हसला. दमेकरी म्हातारा तर हसता हसता खोकायला लागला. नाझमीनही हसली. पुढं कितीतरी दिवस ते हसू आठवलं की तिला चुटपूट लागायची.

हसली नाही ती मथुरा. हसणं ओसरल्यावर ती स्टुलावरून पुढं वाकली. "अवो, वायच पेज घेतात?"

बाबलीनं ऐकलं. ऐकलं हे नक्की, कारण त्याच्या भुवया हलल्या. पण त्यानं मान वळवली ती उजवीकडे, दाराच्या बाजूला, आणि तिथंच ठेवली. मथुरा हातातल्या पेल्याकडे बघत बसली.

"काकी, पेज नको," नाझमीन म्हणाली. "पातळ गिळताना तेंका ठसको लागता. गळ्यातसून छातीत जायत. आटवल करून आणा, चांगली घट्ट. बसवून भरवायची, बारीक घासानं."

"पातळ तर गिळूक सोपा, असा वाटला गो माका. रोज पाणी वाढवतंय पेजेत."

"सगळ्यांकाच वाटता तसा."

मथुरा उठली, पिशवीतून माशाच्या कालवणाचा एक छोटा डबा काढला आणि नाझमीनच्या मागोमाग गॅलरीत आली.

"ह्या तुका. मोरी आसा. बाळंतिणीन मोरी खावची, दूध भरान येता." मग तिथंच उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "सिस्टर, येक इचारू? ह्या दुखण्यात माणूस राग धरून रवता काय गो?"

"कोणावर?"

"माज्यार." तिनं वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. "तेंनी प्रेशरचे गोळये घेवचे सोडले हुते. बरा वाटता म्हणान. त्या दिवशी सकाळी डोक्या धरल्यानी, तरी रापणीक निघाले. मी आडी पडलंय, आयकाक तयार नाय. मगे माजा तोंड सुटला. सांगलंय, जावा, काय करूचा ता करा, पण माका परत तोंड दाखवू नकात. आणि थयच, रेतयेर, दोरयेच्या बाजूक पडले." तिनं बोटावरचा पदर सोडवला. "आता दाखवणत नाय. माजी हाक आयकली काय तोंड फिरवतत. जगाशी बोलतत. माज्याशी नाय."

"काकी, आजारात माणूस चिडचिडो होता. जायत बरा," नाझमीन म्हणाली, आणि म्हणताना तिचं तिलाच ते बोलणं भिंतीवरच्या सरकारी पोस्टरसारखं वाटलं.

"आमच्या देवळात कौल लावतत, ठावक आसा मा तुका?"

ठाऊक होतं. इथल्या बाजारात वाढलेल्या पोरीला, मग ती कुणाच्याही घरातली असो, कौल ठाऊक असतोच. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलांचे कळे चिकटवतो, माणूस आपलं म्हणणं देवापुढं मांडतो. उजवीकडचा कळा पडला तर देवाचं हो. डावीकडचा पडला तर नाही, आणि मग पुढं बोलायचं नाही.

"मी डाव्या अंगाक बसतंय. लग्नात बसलंय तशीच. आणि तेंचा सगळा उजवीकडे. बघणा उजवीकडे, बोलणा उजवीकडे. ताटातला माज्या बाजूचा घासभर खाणत नाय. आता ह्यो डावोच कौल नाय तर काय गो? येत्या आयतवारी धनेश तेंका मुंबयक नेता. माका म्हणता, आये, बाबा तुज्या हातचा खाणत नाय, तू येकटी कशी सांभाळतलंस? मी सांगलंय, ने. जेका माजा तोंड नको तेच्या फुडे मी कित्याक बसान रवू? मी काय जावचंय नाय."

आतून कुणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारली आणि नाझमीनला जावं लागलं.

दुपारच्या जेवणाला मथुरेनं सांगितल्याप्रमाणे आटवल आणली. मऊ भात, घोटलेला, चमचा उभा राहील असा. मोरी तर बिनकाट्याचीच, तीही बारीक कुसकरलेली. ताट बाबलीच्या पुढ्यात ठेवलं, आणि कुसकरायला हाताशी पडावी म्हणून मोरी आपल्या बाजूला वाढली. पाठीला उशा देऊन नाझमीननं त्याला ताठ बसवलं, हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगितलं. त्यानं स्वतःच उजव्या हातानं चमचा धरला. एक घास, गिळला. दुसरा घास. ठसका नाही. नाझमीनला बरं वाटलं.

आटवल संपत आली, तसा बाबलीनं चमचा खाली ठेवला.

"रे धन्या, तुज्या आवशीन आज मोरी करूक नाय? नुसतोच भात?"

मोरी ताटात तशीच होती. बोटभर अंतरावर, घमघमत. धनेशनं आईकडे पाहिलं, आईनं ताटाकडे. मग तिनं ताट उचललं, त्यावर झाकण घातलं, कपाटावर ठेवलं आणि ती गॅलरीत निघून गेली.

नाझमीननं त्याचं तोंड धुवायला घेतलं तर डाव्या गालात भाताचा एवढा मोठा गोळा. "काय ओ तांडेलकाकानू, ल्हान पोरासारखो भात गालात साठवन ठेवलात?"

"खंय? माका नाय गावणा."

तिनं बोटाला फडकं गुंडाळून तो गोळा काढला. डोक्यात काहीतरी खुटखुटलं. पण घड्याळात तिच्या सुट्टीची वेळ झाली होती आणि छाती दगडासारखी झाली होती. डबा घेऊन ती घराकडे पळाली.

घरी जन्नतबी, तिची सासू, पाळण्यापाशी खाली बसून होती. शाझिया जागी होती. पाळण्याच्या एका बाजूला कालपर्यंत मोकळाच दांडा होता, तिथं आज लाल-हिरव्या काचेच्या काकणांची माळ लोंबत होती. जन्नतबी ती बोटानं हलवायची, काकणं किणकिणायची.

"ह्या काय आणि नवीन?"

"पोर येकाच अंगाक बघता तुजा. उजवीकडे दार मा, उजेड थयसून, येणारी-जाणारी माणसा थय. हेच्यापायी डोक्या पण येका बाजून चपटा जाता हा. मगे ह्या बाजूक काय आसा ता तिका कळतला कसा? म्हणान काकणा हयसर बांधलंय. आणि मीय हयसरच बसतंय."

नाझमीननं पोरीला उचललं, छातीशी घेतलं. शाझियानं दोन्ही मुठी तिच्या कुर्त्यात रुतवल्या. एका हातानं नाझमीननं मोरीचा डबा उघडला. "मगे, बघता तुमच्याकडे?"

जन्नतबी हसायला लागली. "सुरवातीक नाय गो. मी हयसून हाक मारी, आणि ती माका दारात शोधी! आवाज हयसून आणि डोळे थय. तिका वाटा, माणसा म्हणजे दारातच आसतत. बिचाऱ्या जिवाक ही बाजू म्हणान काय आसता ताच ठावक नाय. आता वायच-वायच गावाक लागली हा."

नाझमीनचा घास हातातच राहिला.

हाक इथून, आणि डोळे तिथं.

हात कुणाचा तर धन्याचा. गालात भात आहे ते कळत नाही. मोरी बोटभर अंतरावर, पण डाव्या बोटभर अंतरावर. आणि ती स्वतः, डॉक्टर, धनेश, अख्खं गाव, रोज उजवीकडून गेलं, उजवीकडून बोललं, आणि म्हातारा कसा टकाटक बोलतो म्हणून खूष झालं. डावीकडे बसली होती ती एकटी मथुरा.

शाझियाचं पोट भरेपर्यंत ती कशीबशी थांबली. मग पोर सासूच्या हातात देऊन, ओढणी सावरत, आली तशी पळत सुटली. "अगो, जेव तरी!" जन्नतबी मागून ओरडत होती.

वॉर्डात आल्यावर ती पहिल्यांदाच खाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत शिरली. मथुरा गॅलरीतच होती. स्टूल रिकामं होतं. त्यावर बसून नाझमीननं हळू हाक मारली, "तांडेलकाकानू."

बाबलीची मान उजवीकडे वळली. डोळे दारापाशी गेले, धनेशवरून फिरले, समोरच्या खाटेखाली गेले.

"समदाचा चेडू इला काय रे? खंय आसा? आवाज येता आणि माणूस नाय."

तिनं खाटेच्या उजव्या कडेपासून आपलं बोट त्याच्या डोळ्यांपुढून डावीकडे सरकवत आणलं. बोटामागून त्याची नजर आली, नाकासमोर आली, आणि तिथं थांबली. बोट पुढं गेलं. नजर गेली नाही. जणू तिथं जमीन संपत होती.

मग तिनं कपाटावरचं ताट काढलं, झाकण उघडलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवताना तेच ताट अर्धं फिरवलं. मोरी उजवीकडे आली.

"इली मगे मोरी!" बाबलीनं चमचा उचलला. "मगाशी कोणी लपवन ठेवल्यान हुती?"

धनेश खाटेचा दांडा धरून उभा राहिला.

"सिस्टर," तो म्हणाला, "काल दुपारी आई इथंच डोकं टेकून झोपली होती. बाबांचा हात धरून. आणि बाबा मला विचारत होते, तुझी आवस खंय गेली, दिसणा नाय. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. आईला कसं सांगणार, की ते तुला ओळखतसुद्धा नाहीत म्हणून? मी गप्प राहिलो."

नाझमीननं डॉक्टर विनीताबाईंना बोलावलं. त्यांनीही ते बोट फिरवून पाहिलं, दोन्ही हातांना एकदम स्पर्श करून पाहिलं. मग त्या स्वतःच त्या स्टुलावर टेकल्या.

"डावं अंग लुळं आहे, ते आपण रोज बघत होतो. डाव्या बाजूचं भानच गेलंय, हे कुणी बघितलं नाही. मीही उजवीकडूनच तपासत आले, नाझमीन." त्या धनेशकडे वळल्या. "डोळे चांगले आहेत त्यांचे, कानही चांगले आहेत. पण डावीकडून आलेलं मेंदू हिशेबात धरत नाही. यात हट्ट नाही, राग नाही. बऱ्याच जणांचं हळूहळू सुधारतं, पण त्यासाठी त्या बाजूनं त्यांना सारखी हाक घालत राहावी लागते."

मथुरा गॅलरीच्या कठड्याला टेकून खालच्या माडांकडे बघत होती. नाझमीन तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. डॉक्टरांची भाषा तिच्या तोंडी आलीच नाही.

"काकी, तेंनी तुमका डावो कौल देवक नाय. तेंका डावी बाजूच गावणा नाय. तुमी हाक मारलात काय ते तोंड फिरवी नाय हुते. तुमका शोधी हुते. उजवीकडे."

मथुरा वळली.

"माका शोधी हुते?"

"रोज. काल धनेशाक इचारल्यानी, आवस खंय म्हणान. तुमी बाजूकच हुतात."

मथुरेनं पुढचं काही ऐकलं नाही. ती आत गेली, आणि त्या चिंचोळ्या जागेत न शिरता, पहिल्यांदाच, खाटेच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

बाबलीनं तोंडातला घास गिळला. चमचा खाली ठेवला.

"खंय हुतंस गो मथुरे?" तो म्हणाला. "इतके दिवस सगळी येवन जातत, तुजोच पत्तो नाय. मी म्हटलंय, रागान म्हायेराक गेलंस काय."

"हयसरच हुतंय," एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग ती त्याच्या चांगल्या हातावर कपाळ टेकून रडली, आणि तो "अगो, मोरी सांडतली" म्हणत राहिला. दमेकरी म्हाताऱ्यानं भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरलं.

आता खरी कठीण गोष्ट नाझमीनला सांगायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती सांगितली.

"काकी, तुमका परत डावीकडे बसाक व्हया."

"परत?" मथुरेनं उजवीकडे आणून ठेवलेलं स्टूल दोन्ही हातांनी धरलं. "आत्ता तर दिसूक लागलंय तेंका."

"हयसर बसलात तर ते आयुष्यभर ह्याच बाजूक बघतले. त्या बाजूक भिंतीर आपटतले, गरम भांड्याक हात लागलो तरी कळाचा नाय. थयसून तेंका कोणीतरी बोलवक व्हया. मुंबयत परका माणूस ता करीत काय? तुमच्यासारख्या?"

मथुरेनं स्टूल उचलून भिंतीकडे नेऊन ठेवलं.

सारिका आणि धनेशनं मिळून खाट भिंतीपासून चांगली लांब ओढली. त्या दिवसापासून सगळे डावीकडून येऊ लागले. ठसका लागू नये म्हणून घट्ट केलेल्या पाण्याचा पेला डावीकडे. मथुरा त्याच्या डाव्या हाताला खोबरेल चोळायची आणि प्रत्येक बोटाला सांगायची, "ह्यो तुमचो. ह्योय तुमचो." उचलताना खांदा ओढायचा नाही, हाताखाली उशी ठेवायची, कूस बदलायची, जेवल्यावर गाल तपासायचा, हे सगळं नाझमीननं तिच्याकडून करून घेतलं. तिचा हात हलका होता. नाझमीननं घरून काकणांची माळ आणून डावीकडच्या दांड्याला बांधली. जन्नतबीनं मुद्दाम दुसरी ओवून दिली होती.

पण बाबली काही वळेना. काकणं वाजली की दाराकडे बघायचा आणि म्हणायचा, "काकणवाली इली वाटता." मथुरा हाका मारून मारून थकायची. आणि रविवार जवळ येत होता. धनेश वाईट मुलगा नव्हता. उलट, तो रात्रीचा उकिडवा बसून बापाचे पाय चोळायचा. पण तो म्हणाला, "आये, तू दिसणंसच नाय तर तेंका उठवतलंस कशी? पडले तर? माका थय झोप लागाची नाय." त्याचंही खरं होतं.

शनिवारी सकाळी मथुरा आली ती दोरीचा एक तुकडा घेऊन. रापणीची दोरी, मनगटाएवढी जाड, मिठानं कडक झालेली, वाळू अजून पिळांत अडकलेली. वॉर्डभर खाऱ्या पाण्याचा वास पसरला.

"ह्या काय काकी?" नाझमीन म्हणाली.

"तुजी काकणा पोराक चांगली. ह्यो तांडेल आसा."

दोरीचं एक टोक तिनं बाबलीच्या उजव्या हातात दिलं. दोरी त्याच्या पोटावरून आडवी टाकली, त्याचा लुळा डावा हात उचलून तिच्यावर ठेवला, आणि दुसरं टोक धरून ती डावीकडच्या स्टुलावर बसली. बाबलीची बोटं दोरीवर आपोआप आवळली. डोळे बारीक झाले.

मथुरेनं दोरी ओढली, आणि इतकी वर्षं किनाऱ्यावर टोपली घेऊन उभी असताना जी हाळी ऐकली होती ती पोटातून घातली.

"ओ तांडेला! ह्या टोक ढिला पडला! बघा हयसर!"

सारिकाच्या हातून झाडू पडला.

बाबलीनं सवयीनं उजवीकडे पाहिलं. उजवं टोक त्याच्याच मुठीत होतं, ताठ. मग त्याचे डोळे दोरीवर आले. दोरीवरून सरकले, आपल्या पोटावरून, त्या परक्या हातापर्यंत. नाकासमोर येऊन थांबले.

"तांडेला! मासो जातलो!"

त्याची मान थरथरली. हनुवटी वळली, थांबली, पुन्हा वळली. दोरीच्या पिळापिळावरून नजर पुढं गेली, जिथं इतके दिवस जमीन संपत होती तिथून पुढं, बायकोच्या मुठीपर्यंत, हिरव्या काकणांपर्यंत, वर, सुकलेल्या वळेसरापर्यंत.

"बोंबलतंस कित्याक?" तो म्हणाला. "आयकाक येता माका." आणि मग, डोळे तिच्यावरच ठेवून, नवल वाटल्यासारखा, "थय काय करतंस गो तू?"

"तुमची वाट बघतंय," मथुरा म्हणाली.

फार वेळ टिकलं नाही ते. मान पुन्हा उजवीकडे घरंगळली. पण मथुरेनं पुन्हा दोरी ओढली, पुन्हा हाळी घातली, आणि ती पुन्हा आली, या वेळी जराशी लवकर.

धनेश खिशातून मोबाईल काढून गॅलरीत गेला. थोड्या वेळानं त्याचा आवाज आत आला. तो गाडीची उद्याची दोन्ही तिकिटं रद्द करत होता, आणि साहेबांकडे आणखी थोडी रजा मागत होता. घरी खाट कुठल्या कोपऱ्यात ठेवायची नाही ते आता त्याला पक्कं कळलं होतं.

नाझमीननं घड्याळाकडे पाहिलं. तिची घरी जायची वेळ झाली होती. दारातून तिनं वळून पाहिलं तेव्हा मथुरेनं दोरी मांडीवर ठेवली होती आणि ती स्टुलावरून पुढं वाकली होती, डाव्या अंगाला, आपल्या जागेवर.

"अवो," ती हळू म्हणत होती, "आणि येकदा. वायच हयसर करा तोंड. दाखवा माका."